सतरा सेंटिमीटरचा बोर्ड

“हा नको, भाई. लहानवाला दाखवा,” शलाका म्हणाली.

मुर्तुझाभाईंनी नुकताच खोक्यातून काढलेला मदरबोर्ड काउंटरच्या काचेवर पडला होता. उघड्या वहीएवढा, काळा, रॅमला चार खाचा असलेला. या एका बोर्डासाठी मी महिनाभर अभ्यास केला होता. अभ्यास म्हणजे खराखुरा. सातारच्या आयटीआयमध्ये मी इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक. पोरांना मोटारीचं वाइंडिंग शिकवण्यात वीस वर्षं गेलेली, पण कॉम्प्युटरचं पोट कधी उघडून पाहिलं नव्हतं. दहावीची परीक्षा झाली की गेमिंगचा कॉम्प्युटर घेऊन देईन, असं लेकीला कबूल करून बसलो होतो, आणि दुकानात जाऊन बावळटासारखं उभं राहायचं नव्हतं. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघायचे आणि वहीत उतरवून घ्यायचे. कुठला प्रोसेसर कुठल्या सॉकेटात बसतो, किती वॅट खातो, कुठल्या बोर्डावर पुढच्या वर्षीचाही चालेल.

“शलू, अगं तो लहान बोर्ड म्हणजे नुसता दिखावा,” मी वही उघडून म्हणालो. “रॅमला दोनच खाचा. आणि त्याचं कॅबिनेट एवढंसं, त्यात मोठं ग्राफिक्स कार्ड मावत नाही.”

“मला कार्ड नकोच आहे. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला घेऊ.”

“त्यावर तुझे गेम रडत चालतील.”

“चालतील. थोडं सेटिंग कमी करायचं.”

मुर्तुझाभाई दोघांकडे आलटून पालटून बघत होते. साठीचा माणूस, डोक्यावर सोनेरी काठाची पांढरी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा. रविवारी बुधवार पेठेतली निम्मी दुकानं बंद असतात. यांचं दोन वाजेपर्यंत उघडं असतं, एवढ्यावरच मी हे दुकान निवडलं होतं.

“बेटा, पप्पा बरोबर सांगतात,” ते म्हणाले. “लहान बोर्ड महाग पडतो. वस्तू कमी, पैसे जास्त. तुमचं बजेट आहे पस्तीस हजार. मोठा बोर्ड घेतला तर त्यात चांगला प्रोसेसर येईल, आणि दिवाळीला ग्राफिक्स कार्ड टाकता येईल.”

“दाखवा तर खरं,” शलाका म्हणाली.

त्यांनी लहान बोर्ड काढला. सतरा सेंटिमीटर लांब, सतरा रुंद. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि सॅकमधून चक्क एक टेप काढून कॅबिनेटचं खोकं मोजायला लागली. लांबी, रुंदी, उंची.

मला राग यायला लागला होता. राग बोर्डाचा नव्हता.

माझा आणि मंजिरीचा घटस्फोट होऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. शलाका आईकडे, बाणेरला. मला महिन्यातले दुसरा आणि चौथा रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. पहाटेची एसटी धरायची, स्वारगेटला उतरायचं, लेकीला घ्यायचं आणि दिवसभर कुठंतरी फिरवायचं. लहान होती तेव्हा बागा होत्या, प्राणिसंग्रहालय होतं. ती मोठी झाली तशा जागा संपत गेल्या. हॉटेलात समोरासमोर बसून मी विचारायचो, “शाळा काय म्हणते?” ती म्हणायची, “ठीक आहे.” मग दोघं मेनूकार्ड वाचायचो.

कॉम्प्युटरनं ते सगळं सुटणार होतं. मी तो साताऱ्याच्या घरी ठेवणार होतो. मागच्या खोलीला रंग दिला, टेबल करून घेतलं, कॉम्प्युटरसाठी वेगळा पॉइंट काढून त्याला स्वतंत्र अर्थिंग दिलं. कोर्टाच्या कागदात नसलं तरी सुट्टीत ती चार-चार दिवस येऊन राहील, खेळेल. यंदा प्रोसेसर आणि बोर्ड. दिवाळीत कार्ड. पुढच्या वर्षी जादा रॅम. त्या मोठ्या बोर्डावरच्या रिकाम्या खाचा बघून मला पुढची तीन-चार वर्षं दिसत होती. आणि ही पोरगी पिशवीत मावेल असला कॉम्प्युटर मागत होती. म्हणजे उचलून बाणेरला घेऊन जाणार.

“हे बघ,” मी म्हणालो, “कॉम्प्युटर साताऱ्याला राहणार आहे. तिथं जागेची कमी नाही. बैलगाडीएवढं कॅबिनेट घे.”

ती माझ्याकडे न बघता टेप गुंडाळत राहिली.

मुर्तुझाभाई आतल्या मांडणीवरून प्रोसेसरचं खोकं काढायला वळले, तेव्हा ती त्यांच्या मागोमाग काउंटरच्या टोकाला गेली. मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू बोलली, पण दुकान होतंच केवढं!

“भाई, पॉवर कॉर्ड वेगळी मिळेल का? दोनच पिनांची?”

“आपली तीन पिनांची येते, बेटा. अर्थिंगवाली.”

“अर्थिंग पाहिजेच. पण दोन जाड गोल पिना असतात बघा, आणि अर्थिंगची पट्टी बाजूला असते. तशी.”

हा धडा मी वर्गात दर वर्षी शिकवतो. तक्त्यावर चित्रं आहेत. भारताचा प्लग, इंग्लंडचा प्लग, अमेरिकेचा प्लग. दोन जाड गोल पिना आणि कडेला अर्थिंगची पट्टी, तो युरोपचा. पोरं विचारतात, सर, हे आपल्याला कशाला लागतंय? मी म्हणतो, दुबईला, जर्मनीला जाल तेव्हा लागेल.

“कुठं जायचंय?” मी विचारलं.

शलाकाने मागे वळून पाहिलं. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला तिचा.

“शलाका, कुठं जायचंय?”

“बाबा, आपण रस पिऊ या का?” ती म्हणाली.

गल्लीच्या तोंडाशी रसवंतीगृह होतं. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. आम्ही आतल्या बाकड्यावर बसलो. चरकाच्या घुंगरांचा आवाज, ओल्या चिपाडांचा वास. तिने ग्लास हातात धरला, पण ओठाला लावला नाही.

“आईची बदली झालीय,” ती म्हणाली. “नेदरलँड्सला. आइंडहोव्हन म्हणून गाव आहे. जुलैत जायचंय. दोन वर्षांसाठी.”

“मग?”

“मग नंतर वाढू पण शकतं.”

“तू पण?”

तिने मान हलवली.

“कधी कळलं तुम्हाला?”

“महिना झाला. आई तुला फोन करणार होती. मीच म्हटलं, मी सांगते. मागच्या दोन रविवारी सांगणार होते. एकदा आपण ती डोशाची रांग लावली होती, तेव्हा सांगणारच होते. पण तू त्या मागच्या खोलीच्या रंगाचं सांगायला लागलास.”

मी रस पिऊन टाकला. कसा लागला ते आठवत नाही.

तिने सॅकमधून प्लास्टिकची फाइल काढली. आत एकच इंग्रजी कागद. माझं नाव, पत्ता, तिच्या पासपोर्टचा नंबर. माझी मुलगी तिच्या आईसोबत परदेशी राहायला जाण्यास माझी हरकत नाही. खाली सहीसाठी रेघ. चार घड्यांच्या खुणा पडल्या होत्या त्यावर.

“ही लागते,” ती म्हणाली. “अठराच्या आत असलं की दोघांची लागते.”

“आणि नाही केली तर?”

“तर मला व्हिसा मिळत नाही.”

“मग आई?”

“माहीत नाही. आई म्हणाली, मग बघू.”

म्हणजे मंजिरीची वाट माझ्या हातात होती. पाच वर्षांत पहिल्यांदा. खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं.

“तुला जायचंय?” मी विचारलं.

ती ग्लासावरच्या थेंबावरून बोट फिरवत राहिली. “हो,” म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, “पण तू नको म्हणालास तर नाही जाणार.”

“मी नाही करणार सही.”

“बरं.”

“वर्षात चोवीस दिवस मिळतात मला. तेवढेसुद्धा नकोत का कुणाला? साताऱ्यातसुद्धा कॉलेजं आहेत. आणि पुण्यात तर आहेतच.”

“बरं, बाबा.” तिने कागद घडी घालून फाइलमध्ये ठेवला, फाइल सॅकमध्ये. चेन लावली. “चल, दोन वाजायला आले. भाई दुकान बंद करतील.”

भांडली असती, रडली असती तर माझं डोकं ताळ्यावर राहिलं असतं. ती पुढं झाली आणि मी तिच्या मागून चालत आलो.

दुकानात मुर्तुझाभाई दोन्ही बोर्ड तसेच ठेवून डबा खात होते. “क्या ठरलं मग?” त्यांनी विचारलं.

“मोठावाला द्या,” शलाका म्हणाली. “चार खाचांचा. कॅबिनेट पण मोठंच. आणि प्रोसेसर बाबांनी वहीत लिहिलाय तो.” ती माझ्याकडे बघत नव्हती. मुर्तुझाभाईंकडेही नाही. त्यांच्या मागच्या मांडणीवरची खोकी बघत, एका सुरात, हळू बोलत होती. “साधं एक कार्ड टाका आत्ता, कामापुरतं. दिवाळीत मोठं घेऊ. दिवाळीत घेऊ ना, बाबा?”

हा आवाज मला ओळखीचा होता.

शलाका पाच वर्षांची होती तेव्हा मंजिरीला बंगळूरची नोकरी आली होती. मी म्हणालो होतो, सरकारी नोकरी सोडून मी तिकडं काय भाजी विकू? ती पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या करत होती. “बरं,” म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघून म्हणाली. एका सुरात, हळू. मला वाटलं, मिटला विषय. मग दुसरी नोकरी आली पुण्याची, तिलाही मी नको म्हणालो, तेव्हाही बरं. पुढं सगळ्यालाच बरं. सिनेमाला जाऊ, बरं. नको जायला, बरं. चार वर्षं माझ्या घरात एक बाई बरं म्हणत राहिली, आणि एके दिवशी तेवढ्याच शांतपणे निघून गेली. तिचं माझ्याशी भांडण कधी झालंच नव्हतं.

आता तिचीच पोरगी पंधराव्या वर्षी माझ्यासमोर उभी राहून तेच करत होती, असं मला वाटलं. आज हिला अडवलं तर ही राहील. साताऱ्याला येईल, मागच्या खोलीत बसून खेळेलसुद्धा. आणि मला बरं म्हणत राहील.

मुर्तुझाभाईंनी हात पुसून मोठ्या बोर्डाचं खोकं पुढं ओढलं, बिलाचं पुस्तक उघडलं.

“भाई, थांबा,” मी म्हणालो. “लहानच द्या.”

“लहान?”

“लहान बोर्ड, लहान कॅबिनेट. प्रोसेसर ती म्हणते तो, ग्राफिक्सवाला. आणि ती दोन पिनांची कॉर्ड मिळते का बघा.”

शलाकाने चटकन माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आनंदानं.

“फाइल काढ,” मी म्हणालो.

मुर्तुझाभाईंचंच पेन घेतलं. काचेवर कागद सरळ केला आणि रेघेवर सही केली. पूर्ण नाव, हेमंत गजानन शेवाळे, आणि तारीख. हात कापला नाही माझा. त्याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला होता.

मुर्तुझाभाईंनी काय ओळखलं कोण जाणे. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाले, “घाई नाही. जोडूनच देतो. बेटा, प्रोसेसर तू बसव.”

त्यांनी सॉकेटचा खटका वर केला. “इथं कोपऱ्यात सोन्याचा त्रिकोण आहे बघ. प्रोसेसरवर पण आहे. त्रिकोणावर त्रिकोण आला पाहिजे. आणि दाबायचं नाही. खाली हजारावर पिना आहेत केसासारख्या. बरोबर ठेवला तर आपल्या वजनानं बसतो.”

तिने दोन बोटांत प्रोसेसर धरला. मी तिच्या मनगटाला खालून आधार दिला. तो बसला. तिने खटका खाली केला. पुढचं सगळं भाईंनीच केलं. तास-दीड तासानं पडद्यावर अक्षरं उमटली तेव्हा ते एकटेच “माशाल्ला” म्हणाले.

बजेटपेक्षा चार हजार जास्त गेले. सहा वाजता बाणेरला तिच्या इमारतीखाली मी ते खोकं तिच्या हातात दिलं. “वर येतोस?” तिने विचारलं. ते तिने कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “नको, बस चुकेल.”

जुलैत त्या गेल्या. दोन वर्षांची चार झाली, चाराची सहा. सुरुवातीला दर रविवारी फोन असायचा, व्हिडिओवर. ती कॉम्प्युटर दाखवायची, खिडकीबाहेरच्या सायकली दाखवायची. मग कॉलेज सुरू झालं, सुट्टीतली कामं सुरू झाली. आठवड्याचा फोन महिन्यावर आला. मी तक्रार केली नाही. मीच तिला मोकळं केलं होतं, आणि माझ्या आयुष्यात धड केलेली गोष्ट ती एकच, अशी माझी समजूत होती. आयटीआयमधल्या शिंदेसरांना मी एकदा तसं बोलूनही दाखवलं होतं.

गेल्या डिसेंबरात ती आली. बाणेरचं घर विकायचं होतं, त्या कामात आईला मदत करायला. त्यातले चार दिवस तिने साताऱ्याला काढले. बावीस वर्षांची झाली आहे आता. मराठी तीच आहे, पण एखादा शब्द शोधायला थांबते.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होतो.

“बाबा, एक विचारू?” ती म्हणाली. “त्या दिवशी तू एवढ्यात कसा बदललास?”

“कुठल्या दिवशी?”

“बोर्ड घेतला त्या दिवशी. रसवंतीत नाही म्हणालास. दुकानात जाऊन हो. मधे पाच मिनिटंसुद्धा गेली नव्हती.”

इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. मंजिरीचं बरं सांगितलं, त्या घड्या घातलेल्या कपड्यांचं सांगितलं. “तू मोठा बोर्ड मागायला लागलीस ना,” मी म्हणालो, “तेव्हा हुबेहूब आईसारखी दिसलीस. मनात एक आणि तोंडात एक. म्हटलं, हिला नाही अशी कोंडायची.”

तिचे हात थांबले होते.

“माझ्या मनात नव्हतं, असं वाटलं तुला?”

“दिसतच होतं की.”

“बाबा, मी सुटले होते रे.” ती शेंग हातात तशीच धरून बोलत होती. “महिनाभर मी देवाला एकच सांगत होते, बाबाला नाही म्हणू दे. आईला नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. तिने किती वर्षं वाट पाहिली होती त्या कामाची. तुझ्याकडे राहते म्हटलं असतं तर तुम्ही दोघं भांडला असता. पण तू सही केली नाहीस की झालं, मग कुणाचाच दोष नाही. आणि तू नाही म्हणालास! दुकानापर्यंत मी कशी चालत आले माहितीये? मोठा बोर्ड घेऊ, मोठं कॅबिनेट घेऊ, दिवाळीत कार्ड घेऊ. सगळं खरंखुरं म्हणत होते.”

“मी विचारलं होतं तुला. तू हो म्हणालीस.”

“पंधरा वर्षांची होते मी.”

“पण तुझा चेहरा... तू बघत नव्हतीस माझ्याकडे.”

“बघितलं असतं तर रडले असते. आणि तो काय आईचा चेहरा आहे?” ती हसली, पण हसू पुरतं झालं नाही. “काही मनासारखं झालं ना, की तू असाच बोलतोस. हळू, भलतीकडे बघत. कुणी काढून घेईल म्हणून घाबरल्यासारखा. आजी म्हणायची, छापील प्रत आहे बापाची.”

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

“सही केलीस,” ती म्हणाली, “तेव्हा मला वाटलं, तुलाही कंटाळा आला असेल. पहाटेची एसटी, दिवसभर उन्हातान्हात माझ्यामागं फिरणं. म्हटलं, मोकळा झाला बिचारा.”

मी हातातलं टरफल चुरगाळत राहिलो.

“तिकडं माझं काही वाईट झालं नाही, बाबा,” ती घाईनं म्हणाली. “चांगलं चाललंय. खरंच. तू असं तोंड करू नकोस.”

तिने माझ्या पुढ्यातली टोपली आपल्याकडे ओढली आणि माझ्या वाटणीच्या शेंगा सोलायला लागली. मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो. नखं माझ्यासारखी आहेत तिची, चपटी. मला ते माहीत नव्हतं.

“उद्या किती वाजता निघायचंय?” मी विचारलं.

“चारला. मुंबईपर्यंत गाडी सांगितलीय.”

“मी येतो विमानतळापर्यंत.”

“नको रे, कशाला? जाऊन येऊन बारा तास. तुझी कंबर दुखते.”

एरवी मी म्हणालो असतो, बरं, बघ तुझं तू. मी तिच्याकडे तोंड केलं.

“मला यायचंय, शलू,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

“ये की मग,” ती म्हणाली.